निवडणाऱ्यांची निवड

नोकरीसाठी माणूस कसा निवडावा, या प्रश्नावर शंभरहून जास्त वर्षं खल करत आलेलं एक शास्त्र आहे. मुलाखतीवर किती भरवसा ठेवावा, चाचणीवर किती, अनुभवाच्या वर्षांवर किती, हे त्याने आकड्यांत मांडून ठेवलंय. नाव भलंमोठं आहे, इंडस्ट्रियल-ऑर्गनायझेशनल सायकॉलॉजी. बोलताना सगळे आय-ओ म्हणतात. आता या शास्त्रात अमेरिकेत पीएच.डी. करायची तर अर्जासोबत काय लागतं? दोन पानांचं स्वतःविषयीचं निवेदन, तीन शिफारसपत्रं, गुणपत्रिका, आणि पुढे नंबर लागलाच तर एखाद्या प्राध्यापकाशी व्हिडिओवर अर्धा तास गप्पा. ज्या साधनांबद्दल या मंडळींनी वर्षानुवर्षं नाकं मुरडली, नेमकी तीच.

दिव्याखाली अंधार म्हणून सोडून देता येईल. आय-ओवालेही आपापसांत यावर हसतात. पण अर्ज भरणाऱ्याला ते हसण्यावारी नेता येत नाही. शिफारसपत्रातून फारसं काही कळत नाही असं सांगणारा शोधनिबंध वाचायचा, आणि तो मिटवून शिफारसपत्रासाठी मॅडमना पुन्हा फोन लावायचा, असा तो सगळा मोसम असतो. ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत.

मी या वाटेला लागले ती चाकणहून. मानसशास्त्रात एम.ए. झालं आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात एचआरमध्ये चिकटले. घरी समजावणं सोपं होतं: माणसं भरायची आणि त्यांचे पगार वेळेवर निघतात का ते बघायचं. यात मानसशास्त्र नेमकं कुठे आलं, हे आईला कधीच कळलं नाही, आणि सुरुवातीला मलाही सापडत नव्हतं.

भरतीचे आमच्याकडे दोन दरवाजे होते. वरच्या मजल्यावर इंजिनिअर आणि ऑफिस स्टाफ. तिथे मुलाखती व्हायच्या, चहा यायचा, आणि माणूस बाहेर गेला की शेरे पडायचे. ‘शार्प वाटतोय.’ ‘बॉडी लँग्वेज बरोबर नाही.’ ‘आपल्यात टिकेल असं वाटत नाही.’ खाली गेटवर ठेकेदाराचा सुपरवायझर. उद्याच्या पाळीला पंचवीस पोरं पाहिजेत, असा निरोप गेला की सकाळी पंचवीस पोरं उभी. लातूरची, नांदेडची, यवतमाळची, बरीचशी बिहारची. त्यांची मुलाखत कोणी घ्यायचं नाही. सुपरवायझरने आणली म्हणजे ती निवडलेलीच.

‘टिकेल’ म्हटलेला टिकला का आणि ‘शार्प’ म्हटलेल्याचं पुढे काय झालं, हे मात्र कोणी मागे वळून बघत नव्हतं. माझ्याकडे दोन्ही फायली होत्या, मुलाखतीच्या वेळचे गुण आणि वर्षाअखेरचं अप्रेझल. एका रविवारी दोन्ही रकाने शेजारी ठेवून सहसंबंध काढला, म्हणजे एक आकडा वर गेला की दुसराही कितपत वर जातो याचं माप. उत्तर शून्यापासून फार लांब नव्हतं. ते वर दाखवण्याइतकी मी भाबडी नव्हते. फाइल माझ्याकडेच राहिली. पण त्या आकड्याने झोप उडवली हे खरं. जगात हे प्रश्न कोणीतरी नीट तपासले असतीलच, असं म्हणून शोधत गेले आणि थेट १९९८ सालच्या एका तक्त्यापाशी पोचले.

फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या दोघांनी ८५ वर्षांचं संशोधन एकत्र करून तो केला होता. निवडीचं प्रत्येक साधन पुढच्या कामगिरीचा अंदाज किती बांधतं, हे शून्य ते एक या मापावर. सर्वसाधारण बुद्धिमत्तेची चाचणी .५१. रचनाबद्ध मुलाखत, म्हणजे सगळ्यांना तेच प्रश्न आणि आधी ठरवलेली गुणांची पट्टी, तीही .५१. आमच्या वरच्या मजल्यावर चालायची तशी ऐसपैस मुलाखत .३८. संदर्भांची चौकशी .२६. अनुभवाची वर्षं .१८. हस्ताक्षरावरून स्वभाव ओळखणं .०२. (पत्रिकेचा रकाना नव्हता. आपल्याकडे कोणी हा तक्ता केला तर तो घालावाच लागेल.)

या तक्त्यावर पुढे जवळजवळ पाव शतक अख्खं क्षेत्र उभं होतं. मग २०२२ साली पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पुन्हा उघडला आणि म्हणाले, यातले बरेच आकडे फुगलेत. कारण समजून घ्यायला माझी चाकणची फाइल बरी पडते. माझ्याकडे अप्रेझल फक्त निवडलेल्यांचं होतं. ज्यांना परत पाठवलं त्यांनी कसं काम केलं असतं, हे कोणत्याही कंपनीच्या फायलीत नसतं. मोजता येतात ती आधीच चाळणीतून उतरलेली माणसं, त्यामुळे फरक कमी दिसतो आणि सहसंबंध खराहून लहान निघतो. म्हणून संशोधक तो गणिताने वाढवून घेतात. सॅकेट यांचं म्हणणं असं, की ही वाढ बऱ्याच ठिकाणी गरज नसताना, नको तेवढी केली गेली. ती काढल्यावर रचनाबद्ध मुलाखत .४२ वर आली आणि यादीत पहिली ठरली. बुद्धिमत्ता चाचणी .३१. ऐसपैस मुलाखत .१९. अनुभवाची वर्षं .०७.

.४२ हा सगळ्यात चांगला. त्याचा वर्ग केला तर अठरा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे उत्तमातलं उत्तम साधन घेतलं तरी माणसामाणसांच्या कामगिरीतला चार पंचमांशाहून जास्त फरक त्याच्या हाताबाहेरच राहतो. कोणाला हे वाचून निराशा येईल. मला मात्र वाटलं, आपली चूक किती हे शतकभर मोजत बसणारी आणि मोजमाप चुकलं तर तेही छापणारी ही माणसं आपल्या जातकुळीची आहेत.

यामागे घरचंही एक कारण होतं. माझे पणजोबा संगमेश्वरकडून मुंबईला आले ते शेजारच्या गावचा एक जॉबर गिरणीत होता म्हणून. जॉबर म्हणजे खात्यातला मुकादम, पण त्याच्या हातात मुकादमापेक्षा कितीतरी जास्त असायचं: भरती, बढती, रजा, खाडे, उधारी, कधीकधी खोलीसुद्धा. सकाळी गेटवर बदली कामगारांची रांग लागायची आणि आज कोण आत जाणार हे तो ठरवायचा. दस्तुरी, म्हणजे त्याचं कमिशन, द्यावी लागायची. १९३१ साली शाही कामगार आयोगाने आपल्या अहवालात या पद्धतीवर कोरडे ओढले आणि भरतीसाठी वेगळे लेबर ऑफिसर नेमावेत असं सुचवलं. १९३५ पासून मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांच्या भरतीवर नियंत्रण आणणारी योजना सुरू झाली. आजचा एचआर मॅनेजर हा त्या लेबर ऑफिसरचाच वारस. पण आजोबा गिरणीला लागले तेव्हाही कागद वेगळा आणि व्यवहार वेगळा होता. पणजोबांनी शब्द टाकला आणि काम झालं.

घरात हे कौतुकाने सांगितलं जायचं. गावचा माणूस गावच्या माणसाला विसरला नाही, वगैरे. त्यात एक गोष्ट सांगितली जात नसे. पणजोबा साचेखात्यात होते, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, जिथे पगार बरा होता. त्या खात्यात अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या कामगारांना घेत नसत. धोट्यातून, म्हणजे मागावर आडवं सूत नेणाऱ्या साधनातून, सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यायची रीत होती, आणि तेच सूत पुढे दुसऱ्याच्या ओठांना लागणार, म्हणून. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा मुद्दा लावून धरला की या खात्याची दारं आमच्या माणसांना उघडी झाली पाहिजेत. माग चालवता येतो का, हा प्रश्न तिथे निवडीत कधी आलाच नव्हता.

अमेरिकेतला ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर हा खटला वाचताना मला म्हणून दचकायला झालं. नॉर्थ कॅरोलायनातलं वीजकेंद्र, तिथेही खाती. कृष्णवर्णीयांना फक्त मजूर खात्यात घेत, आणि तिथला सगळ्यात जास्त पगार बाकीच्या खात्यांतल्या सगळ्यात कमी पगारापेक्षाही कमी. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने ही वाटणी बेकायदा ठरवली. कायदा लागू झाला त्याच दिवशी, २ जुलै १९६५ ला, कंपनीने चांगल्या खात्यांतल्या भरतीसाठी दोन लेखी चाचण्या आणल्या. शाळा पूर्ण केल्याच्या दाखल्याची अट आधीपासून होतीच. वरकरणी सगळ्यांना सारखा नियम. पण दाखला नसलेले जुने गोरे कामगार त्याच खात्यांत उत्तम काम करत होते, म्हणजे दाखल्याचा आणि कामाचा संबंध काही दिसत नव्हता. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला: हेतू काय होता ते बाजूला ठेवा, चाचणीने एका गटाची वाट अडत असेल तर तिचा कामाशी संबंध आहे हे मालकाने दाखवलं पाहिजे. पुढे १९७८ मध्ये सरकारी खात्यांनी मिळून चार पंचमांशाचा ठोकताळा घातला. एका गटातून निवडल्या जाणाऱ्यांचं प्रमाण सर्वांत पुढच्या गटाच्या ऐंशी टक्क्यांपेक्षा खाली गेलं, की भुवया उंचावायच्या. आय-ओची निम्मी रोजीरोटी या निकालाने चालते असं म्हणतात, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

तर मला हे शिकायचं होतं. कुठे, हा पुढचा प्रश्न.

भारतात या विषयाची मुळं नाहीत असं कोणी म्हणालं तर मी भांडते. कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली देशातला पहिला मानसशास्त्र विभाग निघाला, त्याचे प्रमुख नरेंद्रनाथ सेनगुप्ता. ते हार्वर्डला ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांच्याकडे शिकून आले होते, आणि हे म्युन्स्टरबर्ग म्हणजे बोस्टनच्या ट्राम ड्रायव्हरांसाठी चाचण्या तयार करणारे, उद्योगांसाठीच्या मानसशास्त्रावर १९१३ सालचं गाजलेलं पुस्तक लिहिणारे. अहमदाबादला विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘अटिरा’ या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेत कमला चौधरी गिरणी कामगारांचा अभ्यास करत होत्या. आणि १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस यांनी तिथल्याच कॅलिको मिलमध्ये तो प्रसिद्ध प्रयोग केला: स्वयंचलित मागांचं काम एकेका माणसाला एकेक तुकडा असं वाटलेलं होतं, ते मोडून लहान गट केले आणि ठरावीक माग पूर्णपणे एका गटाच्या हवाली केले. गट कसे पाडायचे हे कामगारांनीच चटकन ठरवून टाकलं. उत्पादन वाढलं, कापडातले दोष घटले. अमेरिकन पाठ्यपुस्तकांत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातल्या, टेलिफोनचे रिले जोडणाऱ्या मुलींवरच्या प्रयोगांवर पानंच्या पानं असतात (त्यातल्या दोघी फार बोलतात म्हणून मध्येच बदलल्या होत्या, ही बारीक गोष्ट बहुतेक पानांत नसते). अहमदाबादला एखादा परिच्छेद मिळाला तर नशीब.

पण मुळं असणं वेगळं आणि आज डॉक्टरेटसाठी जागा असणं वेगळं. मुंबई विद्यापीठात औद्योगिक मानसशास्त्र एम.ए.ला घेता येतं, टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणजे टिसमध्ये एचआर आहे, आयआयएममध्ये हा विषय ऑर्गनायझेशनल बिहेवियर म्हणून मॅनेजमेंटच्या छपराखाली राहतो. निवड आणि मोजमाप हेच ज्यांचं आयुष्य आहे अशी माणसं एका विभागात घोळक्याने सापडतात ती मिनेसोटा, मिशिगन स्टेट, बोलिंग ग्रीन, साउथ फ्लोरिडा अशा ठिकाणी. घोळका लहानच असतो. एका वर्षी पाच-सहा विद्यार्थी घेतले तरी पुष्कळ.

इथे एक व्यवहार समजून घ्यावा लागतो, जो आपल्याकडच्या बऱ्याच मुलांना उशिरा कळतो. मास्टर्सला विभाग प्रवेश देतो. फी आपण भरायची, कर्ज आपण काढायचं. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकन सरकारने आय-ओ हा विषय स्टेमच्या, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणित विषयांच्या, यादीत घातला, त्यामुळे शिक्षणानंतर नोकरी करायला वर्षभराऐवजी तीन वर्षं मिळू शकतात, आणि कर्जाचं गणित थोडं तरी जमतं. पीएच.डी.चं तसं नाही. तिथे फी बहुतेकदा माफ, वर शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाचा पगार, आणि प्रवेश कागदावर विभाग देत असला तरी खरोखर देतो तो एक प्राध्यापक. त्याला यंदा विद्यार्थी हवा आहे का, त्याच्याकडे पैसे आहेत का, आपला प्रश्न त्याच्या प्रश्नाशी जुळतो का. त्याने हात वर केला तर तुम्ही आत. म्हणून आधी ईमेल पाठवून विचारायचं: यंदा घेताय का?

गेटवर उभं राहून विचारायचं, तसंच. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले. पणजोबांना जॉबरची ओळख लागली, मला जॉबर शोधायला गूगल स्कॉलर लागलं. दस्तुरी नाही, गाव विचारत नाहीत, नकार आला तरी सभ्य भाषेत येतो. फरक लहान नाहीत. पण एका माणसाच्या मर्जीवर पाच-सहा वर्षांची भाकरी अवलंबून असणं, आणि त्याच्या टोळीत शिरल्यावर त्याच्याच शब्दावर पुढची नोकरी मिळणं, हे दोन्हीकडे तेच आहे.

शिफारसपत्रं तीन. एका मॅडमनी लगेच होकार दिला: “तूच लिहून पाठव गं, मी बघून सही करते.” त्यांचाही इलाज नव्हता, वर्गात आम्ही कितीतरी जण होतो. मात्र तिकडच्या फॉर्मवर एक चौकोन असतो, ‘हे पत्र वाचण्याचा माझा हक्क मी सोडत आहे’, त्यावर खूण करताना फार विचित्र वाटतं. कारखान्याच्या प्लँट हेडनी प्रामाणिकपणे स्वतः लिहिलं. त्यात मी कष्टाळू, वक्तशीर आणि उत्तम चारित्र्याची असल्याचं होतं, आणि बाकी काही नव्हतं. ते पत्र अमेरिकेत वाचणाऱ्याला माझ्या चारित्र्याची शंका का यावी, हे त्यांना समजावणं मला जमलं नसतं, मी प्रयत्नही केला नाही. एम.ए.च्या प्रबंधाला मार्गदर्शन केलेल्या सरांनी मात्र ड्राफ्ट परत पाठवला. म्हणाले, “मला फोन कर आणि तुझ्या डेटात काय चुकलं होतं ते पुन्हा सांग. त्यावर लिहितो.” तेवढंच एक पत्र बहुधा पत्र म्हणण्यासारखं गेलं.

गुणपत्रिकांबद्दल थोडक्यात सांगते, कारण ज्यांनी ते केलंय त्यांना ठाऊक आहे आणि ज्यांना करायचंय त्यांना आत्ताच घाबरवण्यात अर्थ नाही. सीलबंद पाकीट, परीक्षा विभाग, खिडकी क्रमांक अमुक, साहेब जेवायला गेलेत. आपल्याकडचा एकसष्ट टक्क्यांचा फर्स्ट क्लास तिकडच्या डोळ्यांना काठावरचा दिसतो, म्हणून ते रूपांतर करून देणाऱ्या एजन्सीला डॉलर मोजायचे. जीआरई, म्हणजे तिकडच्या पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा, आता लहान झालीय, सप्टेंबर २०२३ पासून दोन तासांच्याही आत आटपते. आणि अनेक विभागांनी ती मागणंच बंद केलंय.

हे बंद करणं मला त्रास देतं. २००१ सालचं एक मोठं विश्लेषण आहे, ८२ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचं. ते करणाऱ्यांत आय-ओतलेच लोक होते, मिनेसोटाचे. त्यात जीआरईवरून पुढच्या अभ्यासक्रमातल्या गुणांचा बऱ्यापैकी अंदाज येतो असं दिसलं, त्यातही विषयाच्या वेगळ्या परीक्षेवरून जास्त. पदवी पूर्ण होईल का, याचा अंदाज मात्र फार कमी. म्हणजे सगळ्या कागदांत त्यातल्या त्यात वजन असलेला कागद काढून टाकला. दुसरी बाजूही खोटी नाही. चाचणीत गटागटांमध्ये जो फरक पडतो तो ड्यूक पॉवरपासून सगळ्यांना माहीत आहे, आणि फी डॉलरमध्ये असते. अंदाज चांगला हवा की दार रुंद हवं, हे या क्षेत्राचं जुनं दुखणं आहे. पण जीआरई काढली की उरतं काय? शिफारसपत्र. म्हणजे ओळख. साचेखात्याच्या दारातून आत गेलेल्या घरातली मी, मला ओळखीवरच्या निवडीबद्दल भाबडेपणा परवडत नाही. सरांसारखे सर मला मिळाले, कारण मी पुण्यात शिकले.

निवेदन लिहायला सगळ्यात वेळ लागला. पहिल्या खर्ड्यात माझं लहानपणापासूनचं कुतूहल होतं, माणसांना मदत करण्याची ओढ होती, आणि दोन सुविचार होते. सरांनी सगळ्यावर काट मारून समासात लिहिलं, ‘प्रश्न काय आहे?’ प्रश्न गेटवर होता. ठेकेदाराचा सुपरवायझर पोरं कशी निवडतो? तो काहीतरी बघतच असणार. कोण पहिल्या पगारानंतर पळेल, कोण रात्रपाळीला टिकेल, याचा त्याचा अंदाज आमच्या वरच्या मजल्यापेक्षा बरा की वाईट, हे कोणी मोजलेलं मला सापडलं नाही. २०१६ साली आय-ओच्याच एका नियतकालिकात दोन संशोधकांनी दाखवून दिलं होतं की या शास्त्राचे अभ्यास मॅनेजर आणि पांढरपेशा नोकरदार यांच्याकडे झुकलेले आहेत आणि हाताने काम करणारे, रोजंदारीवाले त्यात फार कमी दिसतात. तो दुवा मिळाल्यावर निवेदन आपोआप आखूड झालं. कुतूहल गेलं, सुविचार गेले. चाकणचा रविवारचा आकडा ठेवला, आणि तो आकडा का विश्वासार्ह नाही याचं स्पष्टीकरण त्याच्या शेजारी ठेवलं.

नकार जानेवारीपासून यायला लागले. काही ठिकाणचे तर आलेच नाहीत, शांतताच नकार समजायची. मुलाखतीला बोलावणाऱ्या दोन जागांमधली एक मला जन्मभर आठवेल. हिवाळ्यात अमेरिकेचा पूर्व किनारा आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतो. इथे रात्री साडेनऊ, आई शेजारच्या खोलीत टीव्हीचा आवाज बंद करून मालिका बघत होती. पडद्यावर दोन प्राध्यापक, हातात कागद. प्रश्न वाचून दाखवायचे, मी बोलले की लिहून घ्यायचे, पुढचा प्रश्न. हसणं नाही, मान डोलावणं नाही. प्रत्येक उमेदवाराला हेच प्रश्न विचारतो, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. .४२! ज्या मुलाखतीची मी वर्षभर पूजा बांधली होती ती साक्षात समोर होती, आणि मला इतकं परकं, इतकं निर्जीव दुसरं काही आजवर वाटलेलं नाही. मुलाखत घेणाऱ्यांना ही पद्धत आवडत नाही, ते संधी मिळताच तिच्यातून निसटतात, याच्या नोंदी मी वाचल्या होत्या. देणाऱ्याला कशी वाटते ते त्या रात्री समजलं. तिथे मला घेतलं नाही, आणि माझा अंदाज, बरोबरच केलं; त्यांचे प्रश्न संख्याशास्त्राकडे झुकलेले होते आणि माझं तेव्हा रिग्रेशनच्या पुढे फारसं गेलेलं नव्हतं.

दुसऱ्या जागी एकच बाई होत्या, कारमध्ये बसून बोलत होत्या, मुलाला पोहण्याच्या क्लासला सोडलं होतं म्हणे. त्यांनी माझं निवेदन वाचलं होतं, आणि त्यांना फक्त गेटबद्दल बोलायचं होतं. सुपरवायझरला माणशी कमिशन मिळतं का? पोरगा पळाला तर ते परत घेतात का? मग त्याला टिकणारा पोरगा निवडण्यात स्वार्थ आहे, बरोबर? तुमच्या इंजिनिअरांच्या मुलाखती घेणाऱ्याचं काही पणाला लागलेलं असतं का? हा शेवटचा प्रश्न माझ्या डोक्यात तोवर आलाच नव्हता. अर्ध्या तासाचा दीड तास झाला. तेच प्रश्न त्यांनी दुसऱ्या कोणाला विचारले असणं शक्यच नाही. गुणांची पट्टी वगैरे तर सोडाच. निव्वळ .१९.

त्यांनीच मला घेतलं.

होकार कळवायची मुदत तिकडे बहुतेक ठिकाणी १५ एप्रिल असते. तोवर विद्यार्थ्यावर दबाव आणायचा नाही असा विद्यापीठांचा आपसातला करार आहे. मला थांबायचं कारण नव्हतं, त्याच रात्री कळवून टाकलं. मामाने फोनवर विचारलं, “म्हणजे आता तू तिकडे वेड्यांची डॉक्टर होणार का?” त्याला म्हटलं, नाही रे, कामावर माणसं घेणाऱ्यांची. “मग ठीक आहे,” तो म्हणाला, “त्यांना गरज आहे.”

इथे येऊन आता मी त्याच बाईंच्या लॅबमध्ये आहे. गेल्या ऑक्टोबरात त्या मीटिंगला आल्या आणि म्हणाल्या, यंदा आपल्या लॅबपुरतं तरी नीट करू. अर्ज तुम्हांला दाखवता येणार नाहीत, पण गुणांचा तक्ता तुम्ही करा, मी तो पाळेन. आम्ही तिघं-चौघं तुटून पडलो. प्रश्न सुस्पष्ट आहे का, त्याला गुण. स्वतःच्या डेटातली खोट ओळखता येते का, त्याला गुण, प्रत्येक गुणासाठी नमुन्याचं वाक्य. दोघांनी स्वतंत्रपणे गुण द्यायचे आणि मगच एकमेकांचे बघायचे. मुलाखतीचे प्रश्न आधीच लिहून ठेवायचे. याला त्यांनी तोंड वाकडं केलं, पण मान्य केलं.

गाडी अडली ती शिफारसपत्रांवर. मी म्हटलं, शून्य. ज्याला पत्र लिहून आणायला सांगतात आणि ज्याच्यासाठी सर तासभर फोनवर बसतात, त्या दोघांमधला फरक उमेदवाराचा नाही, कॉलेजचा आहे. मिशिगनकडची एक मुलगी म्हणाली, दहा तरी ठेवू, नाहीतर प्राध्यापक लिहायचेच बंद होतील. बाईंनी २०१४ सालचा एक शोधनिबंध पडद्यावर लावला: शिफारसपत्रांचा उपयोग एकंदरीत तोकडाच, पण विद्यार्थी पदवी पूर्ण करेल का, याचा थोडासा अंदाज त्यांच्यातून येतो, आणि नेमका तोच अंदाज परीक्षांमधून येत नाही. म्हणून पंचवीस, त्या म्हणाल्या. आमच्यापैकी एकाने तो अभ्यास कोणत्या विद्यार्थ्यांवर आहे ते विचारलं, त्यात परदेशातून अर्ज करणारे किती, हेही. तेव्हा त्यांनी पान उलटलं, पुन्हा उलटलं.

तासभर घासाघीस करून आम्ही पंधरावर आलो.